अपग्रेडवालं विंडोज, नवी एसएसडी आणि सहाशे रुपयांची की

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. लॅपटॉप २०१४ चा, सोबत विंडोज ८.१ आलेलं, २०१६ मध्ये फुकट अपग्रेड चालू होतं तेव्हा भाच्याने त्याचं १० करून दिलं. आता हार्डडिस्क टकटक वाजतेय, चालू व्हायला दहा मिनिटं घेते, म्हणून ५०० जीबीची एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणलीत. दुकानदार म्हणतो अपग्रेडचं लायसन नव्या डिस्कवर चालत नाही, नवीन की, म्हणजे लायसनचा पंचवीस अक्षरांचा कोड, घ्या, सहाशे रुपये. तर हे खरं का, आणि घरी स्वतः टाकता येईल का.

घरी टाकता येईल, आणि की घ्यायची गरज बहुतेक नाहीच. बहुतेक का म्हटलं ते खाली येईल, तेवढं एक तपासून घ्या, पण तपासायचं ते जुनी डिस्क जिवंत आहे तोवरच, म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी हे पूर्ण वाचा.

दुकानदार मुद्दाम फसवतोय असं मी लगेच म्हणणार नाही, त्याचं ज्ञान दहा-पंधरा वर्षं जुनं आहे इतकंच (सहाशे रुपयांची की मात्र संशयास्पद, ते नंतर). एकेकाळी हा खरंच डोक्याला ताप होता. अपग्रेड लायसन म्हणजे पूर्ण विंडोजपेक्षा स्वस्तात मिळणारं, पण अट अशी की आधीचं खरं विंडोज तुमच्याकडे पाहिजे. आता आधीचं आहे हे सेटअपला कळणार कसं? एक्सपीची अपग्रेड सीडी रिकाम्या डिस्कवर पण चालायची, मध्येच थांबून म्हणायची जुनी सीडी दाखवा, आपण ९८ ची सीडी आत सरकवायची, ती वाचून झाली की परत एक्सपीची टाकायची आणि गाडी पुढे. व्हिस्टाला हे बंद केलं, म्हणे जुन्या विंडोजच्या आतूनच सेटअप चालवा. अरे पण डिस्कच मेली असेल तर आतून कुठून चालवणार? मग लोक एकदा की न टाकता इन्स्टॉल करायचे आणि त्याच्यावरच परत अपग्रेड करायचे, म्हणजे एकाच कामाला दोन रात्री.

७ आलं ऑक्टोबर २००९ ला, त्याची तऱ्हा अजून वेगळी. ते रिकाम्या डिस्कवर गुपचूप बसायचं, सगळं छान दिसायचं आणि शेवटी अ‍ॅक्टिव्हेट करताना सी००४एफ०६१ चा एरर फेकायचं, की ही की फक्त अपग्रेडसाठी आहे. माझ्याकडे त्या काळात एक प्राध्यापक आले होते, डिस्क गेलेली, हातात कापडी पिशवी, पिशवीत ७ चा अपग्रेडचा डबा आणि त्याच्या खाली रबर लावून जपलेली एक्सपीची मूळ सीडी. लायसन शंभर टक्के खरं, पैसे मोजलेले, पावतीसकट, आणि तरी मशीन म्हणतंय चालणार नाही. शेवटी रजिस्ट्रीत (विंडोजची आतली सेटिंगची वहीच म्हणा) विंडोज सेटअपच्या खाली ओओबीई मध्ये मीडियाबूटइन्स्टॉल नावाची एक व्हॅल्यू असते ती १ ची ० केली, रीआर्म (लायसनची तपासणी परत पहिल्यापासून सुरू करणारी कमांड) मारलं, रीस्टार्ट, परत की टाकली आणि झालं. सर म्हणाले म्हणजे आकड्याने एवढा फरक पडतो होय. आजही कुणाकडे तसा ७ चा डबा असेल आणि जुन्या मशीनला कुठल्यातरी सॉफ्टवेअरसाठी ७ च लागत असेल तर हीच पद्धत, पण ती सीडी-स्टिकर जपलेल्यांसाठी आहे, आधीचं लायसन नसेल तर ती पळवाट होते.

तुमच्या केसमध्ये यातलं काहीच लागत नाही, कारण १० ला खेळच बदलला. २९ जुलै २०१५ ला ते आलं, एक वर्ष फुकट अपग्रेड ठेवलं, आणि त्या अपग्रेडवाल्यांना स्वतंत्र की दिलीच नाही. अपग्रेड होऊन नेटवर अ‍ॅक्टिव्हेट झालं की मशीनच्या हार्डवेअरची, त्यातही मुख्यतः मदरबोर्डची (आतला मुख्य बोर्ड), एक ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते. यालाच डिजिटल लायसन म्हणतात. सातबाऱ्यासारखं समजा. मदरबोर्ड म्हणजे जमीन, डिस्क म्हणजे त्यावरचं घर, आणि नोंद तलाठ्याच्या दप्तरात. घर पाडून नवीन बांधलं म्हणून जमीन परत विकत घ्यावी लागत नाही. हां, मदरबोर्ड बदलला तर मात्र जमीनच बदलली, मग फेरफारची भानगड, आणि तिथे काम होतंच असं नाही. म्हणून लॅपटॉप कुठे रिपेअरला दिला होता का आणि बोर्ड बदलला होता का हे आठवून बघा.

यावरून एक आठवलं. बरेच जण डिस्क बदलायच्या आधी ते की शोधून देणारं सॉफ्टवेअर चालवतात आणि आलेली पंचवीस अक्षरं डायरीत उतरवून ठेवतात. फुकट अपग्रेडवाल्या मशीनवर ती की सगळ्या जगात एकच असते, म्हणजे एडिशननुसार एक. माझ्या लॅपटॉपवर तीच, तुमच्यावर तीच, ती टाकून काही अ‍ॅक्टिव्हेट होत नाही. वेळ घालवू नका. लॅपटॉपच्या पोटाखालच्या स्टिकरवर पण काही मिळणार नाही, ८ पासून कंपन्यांनी की छापणं सोडून बायोसमध्येच (मदरबोर्डच्या चिपवरचं मूळ सॉफ्टवेअर) टाकायला सुरुवात केली.

आता ते "बहुतेक". सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, त्यात अ‍ॅक्टिव्हेशन उघडा. तिथे डिजिटल लायसनने अ‍ॅक्टिव्हेटेड आहे असं वाक्य दिसायला हवं. मग विंडोजचं बटण आणि आर दाबून रनमध्ये इंग्रजीत एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश, डीएलआय असं टाईप करा, एक छोटी खिडकी उघडते, त्यात रिटेल किंवा ओईएम चॅनल लिहिलेलं असेल तर उत्तम. पण तिथे व्हॉल्यूम केएमएसक्लायंट असं दिसलं तर समजायचं की मधल्या काळात कुणीतरी, भाच्याने नसेल कदाचित, एखाद्या दुकानात फॉरमॅट मारताना, अ‍ॅक्टिव्हेटर चालवून चोरीचं विंडोज बसवलंय. हे आपल्याकडे इतकं होतं की बोलायची सोय नाही, गिऱ्हाईक ओरिजिनल लायसनवालं मशीन घेऊन जातो आणि तीनशे रुपयात क्रॅक टाकून घेऊन येतो. पण त्यातही घाबरू नका, २०१६ चं अपग्रेड खरं झालं असेल तर सर्व्हरवरची नोंद कुणी पुसलेली नसते, स्वच्छ इन्स्टॉल केलं, तेही त्याच एडिशनचं, तर ती परत सापडते. माझ्याकडे अशी मशीन आली आहेत आणि झाली आहेत.

अजून एक गोष्ट लोक घोळ घालतात ती सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ७-८ ची जुनी की टाकून १० किंवा ११ अ‍ॅक्टिव्हेट करायची वाट बंद केली, फुकट ऑफर २०१६ ला संपली तरी ती वाट पुढे सात वर्षं चालूच होती. त्यामुळे जे मशीन तेव्हा अपग्रेड झालंच नाही त्याला आता ८.१ च्या जोरावर १० मिळणार नाही. तुमचं आधीच नोंदलेलं आहे, तुम्हाला फरक नाही. दुकानदाराने बहुधा ही बातमी अर्धवट ऐकली असणार.

अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावरच एडिशन बघून कागदावर लिहा. आपल्याकडे विकलेल्या घरगुती लॅपटॉपवर बरेचदा होम सिंगल लँग्वेज असतं, साधं होम नाही. दिसायला सारखंच, पण लायसनच्या दृष्टीने दोन वेगळी गावं. नव्वद टक्के घोळ इथे होतो हे मी छातीठोकपणे सांगत नाही, पण माझ्या बाकावर आलेल्या "अ‍ॅक्टिव्हेट होत नाही" वाल्या मशीनमध्ये चुकीची एडिशन हेच कारण सगळ्यात जास्त वेळा निघालंय, कुणीतरी प्रो टाकलेलं असतं कारण प्रो म्हणजे भारी. आणि जमलं तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून घ्या, म्हणजे त्याच ओळीत लायसन अकाउंटला जोडलंय असं येतं, पुढेमागे उपयोगी पडतं.

आता डेटा. टकटक करणारी डिस्क म्हणजे आज आहे उद्या नाही. क्लोन (पूर्ण डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करायच्या फंदात पडू नका, क्लोनिंगचं सॉफ्टवेअर पूर्ण डिस्क घासून वाचतं आणि खराब सेक्टरवर जाऊन तासन्‌तास अडकतं, त्यातच ती दम तोडते. आधी फोटो, कागदपत्रं, जे परत मिळणार नाही ते बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, लहान फोल्डर आधी, सिनेमे वगैरे शेवटी किंवा नाहीच. तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपवर टॅली आणि मराठी टायपिंगचं काम चालतं, तर तिथे जास्त लक्ष द्या कारण विंडोजचं लायसन डिस्कवर नसलं तरी या दोघांचं तसं नाही. टॅलीचं लायसन आधी टॅलीतूनच सरेंडर करा, डेटा फोल्डर वेगळा घ्या आणि बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. मराठीचं म्हणाल तर जुनी कामं श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये असणार, युनिकोडमध्ये नाही, तेव्हा सी ड्राइव्हमधला विंडोजच्या आतला फॉन्ट्सचा फोल्डर उचलून ठेवा. नाहीतर नवीन एसएसडीवर २०१५ चं लग्नाचं कार्ड उघडाल आणि गणपतीच्या श्लोकाच्या जागी कंस, डॉलर आणि उलटेसुलटे कॉमे दिसतील. असे फोन मला दर महिन्याला येतात. डिजिटल सहीचा टोकन असेल तर त्याच्या ड्रायव्हरची सीडी किंवा फाईल पण शोधून ठेवा.

दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो, आतलं सगळं पुसलं जातं. कुणी दिलेली "रेडीमेड" फाईल नको, त्यात कोणाचं काय भरलंय देव जाणे. सोबत लॅपटॉप कंपनीच्या साईटवरून वायफायचा ड्रायव्हर उतरवून दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा. विसरलात तर मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्यावर नेट येतं.

उघडायचं काम. २०१४ च्या बहुतेक लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा डिस्क असते, तुमच्या फोटोतली एसएसडी पण तीच आहे, ७ मिलीमीटर जाडीची, त्यामुळे बसेल. जुनी डिस्क ९.५ मिलीमीटरची असेल तर नवी थोडी डगडगेल, डब्यात मिळणारी प्लॅस्टिकची पट्टी चिकटवा, नसेल तर पातळ फोमचा तुकडा. बॅटरी आधी काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. मागचे स्क्रू ज्या क्रमाने काढाल तसे जाड कागदावर टोचून ठेवा कारण दोन-तीन लांबीचे असतात, लांब स्क्रू चुकून आखूडच्या जागी गेला की वर कीबोर्डच्या बाजूने टेंगूळ येतं. सगळे काढले आणि झाकण हलत नसेल तर जोर लावू नका, रबरी पायाखाली किंवा डीव्हीडी ड्राइव्हच्या कडेला एखादा लपलेला असतो. झाकण उचकटायला मी मुदत संपलेलं एटीएम कार्ड वापरतो, स्क्रू ड्रायव्हरने चरे पडतात. डिस्कला एक पत्र्याची चौकट असते ती काढून नव्याला लावा, कनेक्टर सरळ रेषेत ढकला, वाकडा नको.

आणि हे नीट ऐका, जुनी डिस्क इन्स्टॉलेशन पूर्ण होईपर्यंत लॅपटॉपला जोडायचीच नाही. हौशी मंडळी डीव्हीडीच्या जागी कॅडी (दुसरी डिस्क बसवायची चौकट) लावून दोन्ही एकदम बसवतात, मग विंडोज जातं एसएसडीवर आणि बूटचा भाग जातो जुन्या डिस्कवर, आणि महिन्याभराने जुनी मेली की चांगली एसएसडी असून लॅपटॉप चालू होत नाही. मी स्वतः एकदा हा शहाणपणा केलाय, गिऱ्हाइकाच्या नाही, सख्ख्या मेव्हण्याच्या लॅपटॉपवर, तो मला अजून ऐकवतो.

पेनड्राइव्ह लावून चालू करताना बूट मेनू उघडायचा. एचपीला एफ९, डेल आणि लेनोव्होला एफ१२, आसूसला एस्केप, एसरला एफ१२ पण तो आधी बायोसमध्ये चालू करावा लागतो. लेनोव्होच्या काही मॉडेलला कडेला एक बारीक भोक असतं, त्यात पिन टोचली की मेनू येतो. यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलंय तो घ्या. बायोसमध्ये शिरलाच आहात तर तारीख-वेळ बघा, दहा वर्षांच्या लॅपटॉपमधली आतली छोटी बॅटरी कधी कधी उतरलेली असते, तारीख २०१४ ची दाखवत असेल तर अ‍ॅक्टिव्हेशन उगाच अडकतं आणि आपण लायसनला शिव्या देत बसतो.

पुढे की मागितली तर खाली "माझ्याकडे की नाही" असा पर्याय आहे तो दाबा. लोक इथेच घाबरून दुकानात पळतात. मग एडिशनची यादी आली तर कागदावर लिहिलेली निवडा, यादी आलीच नाही तर बायोसमधल्या ८.१ च्या कीवरून त्याने स्वतःच ठरवलंय, चिंता नको. त्यानंतर दोन पर्याय येतात, अपग्रेड आणि कस्टम. तुमचं लायसन अपग्रेडचं आहे म्हणून अपग्रेड दाबावंसं वाटेल, दाबू नका, रिकाम्या डिस्कवर अपग्रेड करायला आहे काय, ते परत मागे पाठवेल. कस्टम घ्या. एसएसडी अनअ‍ॅलोकेटेड म्हणून दिसेल, तिच्यावर क्लिक आणि सरळ नेक्स्ट, लागणारे छोटे पार्टिशन ते स्वतः पाडतं. आधी सी, डी, ई असे तुकडे करायची आपली जुनी सवय आहे, ५०० जीबीला गरज नाही. एमबीआरबद्दल (डिस्कवरच्या पार्टिशनची जुन्या पद्धतीची मांडणी) तक्रार आली तर डिस्कवरचे असतील नसतील ते सगळे पार्टिशन डिलीट करून परत नेक्स्ट. डिस्क आपलीच आणि नवी आहे ना एवढं बघा म्हणजे झालं. पहिल्या रीस्टार्टला पेनड्राइव्ह काढून घ्या, नाहीतर सेटअप परत पहिल्यापासून सुरू होतो आणि माणूस गोल गोल फिरत राहतो.

(नवीन लॅपटॉपवाल्यांसाठी एवढंच, ११ व्या पिढीपासूनच्या इंटेलवर सेटअपमध्ये डिस्कच दिसली नाही तर एसएसडी खराब नाही, व्हीएमडीचा (इंटेलची डिस्क सांभाळणारी यंत्रणा) ड्रायव्हर पेनड्राइव्हवर सोडवून ठेवून लोड ड्रायव्हरमधून द्यावा लागतो. आणि बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी मिळवा, नाहीतर जुन्या डिस्कवरचा डेटा म्हणजे कुलूपबंद पेटी.)

डेस्कटॉप आला की नेट जोडा आणि चहा घ्या. पाच-दहा मिनिटात अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर ते डिजिटल लायसनचं वाक्य आपोआप येतं, कधी एक रीस्टार्ट लागतो. नाही आलं तर तिथेच ट्रबलशूट आहे, तो चालवा. त्यानेही नाही झालं तर पहिली शंका एडिशनची, कागदाशी ताडून बघा, दुसरी शंका तारखेची, आणि तिसरी मग ती, की मदरबोर्ड कधीतरी बदललाय किंवा २०१६ चं अपग्रेड मुळातच खरं नव्हतं. या तिसऱ्यात असाल तरच लायसन विकत घ्यायचा विषय येतो, आणि तेव्हाही सहाशेवाली की नको. त्या भावात फिरणाऱ्या की बरेचदा मोठ्या कंपन्यांना दिलेल्या घाऊक लायसनमधल्या असतात, आज चालते, मायक्रोसॉफ्टने ब्लॉक केली की परत स्क्रीनच्या कोपऱ्यात "विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा" असं पुसट अक्षर येतं, आणि तोवर दुकानदाराचा नंबर बदललेला असतो.

एक कडू गोष्ट पण सांगायला हवी. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा लॅपटॉप ११ च्या अटीत बसत नाही, प्रोसेसरच जुना आहे. घरगुती वापरासाठी सिक्युरिटी अपडेटचं वाढीव वर्ष आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्ज सिंक चालू ठेवलं तर पैसे पडत नाहीत. इन्स्टॉल झाल्यावर आधी सगळे अपडेट घ्या, तोवर ती लिंक दिसत नाही. टॅलीसोबत नेट बँकिंग पण याच मशीनवर करत असाल तर हे टाळू नका. त्यानंतर हा लॅपटॉप बिननेटचा टायपिंगचा म्हणून ठेवायचा की लिनक्स टाकायचं की नवा घ्यायचा ते तेव्हा बघू, एसएसडी काढून यूएसबीच्या केसमध्ये घातली तर बाहेरची डिस्क म्हणून वापरता येतेच, पैसे वाया नाहीत.

जुनी डिस्क लगेच भंगारात देऊ नका, महिनाभर कपाटात ठेवा, काहीतरी राहिलेलं हमखास आठवतं. नंतर देताना पण अशीच नको, त्यात तुमच्या गिऱ्हाइकांचे पॅन-आधार पडलेत, मागचे चांदणीसारखे स्क्रू काढून आतली तबकडी ओरखडून द्या, पोरांना बघायला पण मजा येते. आणि ते एसएलएमजीआर चालवून चॅनलच्या ओळीत काय लिहून येतं तेवढं आधी कळवा, मगच उघडायला घ्या.